रोजची भाकर, रोजची कृपा

बायबल वर्गात तरुण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. माझा बाप्तिस्मा झाला. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून दृढीकरणही केलं, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करण्याचा विधी. येशूनं वधस्तंभावर जे केलं ते एकदाच आणि पुरेपूर केलं, असं तुम्हीच शिकवता. मग दर रविवारी, दर सकाळी पुन्हा कृपा कशाला मागायची? पहिली कमी पडली काय?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालत नाही. उत्तर न मिळालेली माणसं दोन टोकांना जातात. काही म्हणतात, तारण झालं, आता आणखी काय राहिलं? काही जण जन्मभर धास्तीत राहतात. काल रात्री प्रार्थना चुकली, म्हणजे आज देव रुसला असणार. मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये मला दोन्ही तऱ्हेची माणसं भेटतात, कित्येकदा एकाच घरात.

गुंता सुटण्यासाठी आधी कृपा म्हणजे काय ते नीट पाहू. बायबलमध्ये कृपा दोन अंगांनी येते. एक अंग म्हणजे देवाची आपल्यावरची मर्जी, आपण काहीही कमावलेलं नसताना. इफिसकरांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की तुमचं तारण कृपेनं झालं आहे, ते तुमच्या कर्मांचं फळ नाही, देवाचं दान आहे. हे अंग कमी-जास्त होत नाही. आज माझ्यावर देवाची मर्जी सोळा आणे आणि उद्या बारा आणे, असं नसतं. दुसरं अंग म्हणजे देवाचं बळ, जे माणसाच्या आत काम करतं. तोच पौल करिंथकरांना लिहितो की मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेनं केले. हे बळ एकदाच भरून घेऊन वर्षभर पुरवायचं नसतं. ते ज्या त्या दिवशी, ज्या त्या कामासाठी मिळतं.

म्हणून धर्मशास्त्र दोन गोष्टी वेगळ्या ओळखतं. नीतिमान ठरवलं जाणं ही एक, आणि पवित्रीकरण ही दुसरी. पहिली देवाच्या दरबारातला निकाल आहे. दुसरी घडत राहते, मरेपर्यंत. तीताला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल दोन्ही एकाच ओळीत ठेवतो: नव्या जन्माचं स्नान, आणि पवित्र आत्म्यानं केलेलं नवीकरण.

पेत्राचे पाय

स्नान आणि नवीकरण यांचं नातं मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात. जेवण चाललं आहे. येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पायांत वहाणा, वाट धुळीची. पाय कशानं भरले असतील ते मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. पेत्राची पाळी येते तेव्हा तो पाय मागे घेतो. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, म्हणतो. येशू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो: तर मग पायच काय, हात आणि डोकंही धुवा!

त्यावर येशूचं उत्तर असं: ज्याचं स्नान झालं आहे त्याला पाय धुण्याखेरीज कशाची गरज नाही.

वर्गातल्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्नान पुन्हा करायचं नाही. बाप्तिस्मा दोनदा होत नाही आणि नवा जन्म रोज होत नाही. पण चालणाऱ्या माणसाचे पाय मळतातच, म्हणून पाय रोज धुवावे लागतात. पाय धुवून घ्यावे लागतात म्हणजे स्नान अपुरं झालं असं नव्हे. आपण अजून वाटेवर आहोत, एवढंच. आणि धुणारा तोच आहे, हे विसरू नये. पेत्रानं आपले पाय आपण धुऊन यावं आणि मग पंगतीला बसावं, असं त्या रात्री कुणी सांगितलं नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये फादर गुडघे टेकून लोकांचे पाय धुतात, तेव्हा मंडळीच्या डोळ्यांसमोर हेच ठेवलेलं असतं.

काल गोळा केलेला मान्ना

दुसरा उतारा निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला. इस्राएल लोक अरण्यात आहेत, खायला काही नाही. देव सकाळी जमिनीवर मान्ना नावाचं अन्न पाडतो. प्रत्येकासाठी एक ओमर गोळा करायचा. हे माप साधारण दोन लिटरचं. ज्यानं जास्त गोळा केलं त्याच्याकडे शिल्लक उरली नाही, ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नाही. मोशे सांगतो, सकाळपर्यंत काही ठेवू नका. काहींनी ठेवलंच. त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं, कारण सातव्या दिवशी शब्बाथ, विसाव्याचा दिवस.

दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हा नियम अवघड जाणार. घरात कणगी भरलेली असली की जिवाला बरं वाटतं, आणि त्यात काही गैरही नाही. साठवणीला देवाचा विरोध नाही. योसेफानं मिसरात सात वर्षं धान्य साठवलं ते देवाच्याच सांगण्यावरून. पण मान्ना साठवायचा नव्हता, कारण त्यातून देवाला फक्त पोट भरायचं नव्हतं. रोज सकाळी तंबूतून बाहेर येऊन त्याच्याकडे पाहणारी माणसं त्याला घडवायची होती. साठा हाती आला की देणाऱ्याची आठवण जाते. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देवाची तक्रार हीच आहे: माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी हौद खोदले, तेही फुटके.

निर्गमच्या त्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी मात्र एक गोष्ट येते जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. देव सांगतो की एक ओमर मान्ना पात्रात भरून माझ्यापुढे ठेवा, पुढच्या पिढ्यांना दिसावा म्हणून. तो मान्ना नासला नाही. तो खाण्यासाठी नव्हता, आठवणीसाठी होता.

आपल्याकडे घरसभेत लोक साक्ष द्यायला उभे राहतात. अमक्या वर्षी दारू सुटली, तमक्या वर्षी मुलगा आजारातून उठला, त्या रात्री प्रभूनं मला हाक मारली. अशा साक्षी ऐकताना माझे डोळे भरून येतात, आणि त्या दिल्याच पाहिजेत. त्या त्या पात्रातल्या मान्न्यासारख्या आहेत: देवापुढे ठेवायच्या, नातवंडांना दाखवायच्या. पण वीस वर्षांपूर्वीच्या साक्षीवर आजचा दिवस काढायला गेलं की माणूस उपाशी राहतो. एखाद्याची साक्ष दर वेळी तीच असेल, आणि या आठवड्यात देवानं तुझ्यासाठी काय केलं असं विचारल्यावर तो गप्प होत असेल, तर त्याला रागवू नये. त्याला सांगावं की बाबा, आज सकाळीही पडलाय, बाहेर ये.

मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या परंपरा

आपल्या भागात हा विषय वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो, त्याला इतिहास आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. स्कॉटिश आणि अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या १९७० साली नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, इतरांसोबत एक झाल्या. आजच्या छत्रपती संभाजीनगरात एकाच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांत कृपेबद्दल वेगळी भाषा ऐकू आली तर ती अशी आली आहे.

स्कॉटिश परंपरा ठासून सांगते की देवानं ज्याच्यात काम सुरू केलं त्याला तो मध्येच सोडत नाही. रोजची कृपा हीच त्याची टिकवून धरण्याची रीत. कॅथलिक शिकवण अशी की बाप्तिस्म्यात मिळालेली पवित्र करणारी कृपा आत्म्यात वास करते, मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तशरीर घेताना ती वाढते, आणि प्राणघातक पापानं ती गमावली तर प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करून क्षमा घेताना, परत मिळते. कृपा गमावली जाऊ शकते का, यावर दोघांचं एकमत नाही. हा फरक खरा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ती रोज लागते आणि रोज देवच देतो, याबद्दल वाद नाही.

अँग्लिकन परंपरेतून आलेली एक प्रार्थना मला इथे फार मोलाची वाटते. इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक १५४९ साली पहिल्यांदा निघालं. त्यातली नाताळची प्रार्थना सांगते की आम्ही नव्यानं जन्मलो, कृपेनं तुझी मुलं झालो, तर तुझ्या पवित्र आत्म्यानं आम्ही दररोज नवे होत जावं. एकदाचं आणि रोजचं, दोन्ही एका श्वासात. दृढीकरणाच्या वेळी बिशप डोक्यावर हात ठेवून जी प्रार्थना करतात, ती त्याच पुस्तकाच्या १५५२ सालच्या आवृत्तीत आली आणि तिच्यात मागणं हेच आहे: या लेकरानं दिवसेंदिवस पवित्र आत्म्यात अधिकाधिक वाढावं. म्हणजे कृपा रोज लागेल हे त्या मुलांना दृढीकरणाच्याच दिवशी सांगितलं जातं. फक्त त्या दिवशी नवे कपडे आणि फोटो यांच्या गडबडीत ते कानावरून जातं.

एकदा क्षमा झाल्यावर कृपा रोज लागते का, हा वाद जुनाही आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन प्रार्थनेत म्हणत असत की प्रभू, तू जे आज्ञापितोस ते करण्याचं बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलॅजियस नावाच्या धर्मशिक्षकाला हे खटकलं. माणसानं मनावर घेतलं तर तो आज्ञा पाळू शकतो, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेनं पेलॅजियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला आणि त्यात स्पष्ट केलं की कृपा फक्त मागच्या पापांच्या क्षमेसाठी नसते, पुढे पाप न करण्यासाठी साहाय्य म्हणूनही असते. अकराशे वर्षांनी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरनं मांडलेल्या पंच्याण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा होता की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य हे पश्चात्तापाचं असावं.

कृपा म्हणजे उचल नव्हे

इतकं समजूनही माणसाच्या मनात एक हिशेब शिल्लक राहतो. मराठवाड्यात तो खोल बसला आहे, कारण इथल्या जगण्यात तो आहे. बीड जिल्ह्यातली, आसपासच्या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघण्याआधी मुकादम उचल देतो. त्या पैशात आजारपण निघतं, लग्न निघतं, दुकानदाराची उधारी फिटते. मग हंगामभर टनावर मजुरी मांडायची आणि ती उचलीतून वळती करायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की हिशेब होतो आणि पुष्कळदा कळतं की एवढं राबूनही अंगावर बाकी आहेच. ती पुढच्या हंगामाला.

कित्येक ख्रिस्ती माणसं देवाच्या कृपेकडे तशीच पाहतात. वधस्तंभावर येशूनं मोठी उचल दिली, आता जन्मभर फेडायची. रविवार चुकला की खाडा. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्यायचा राहिला म्हणून म्हैस मेली, असं लोक खरोखर बोलतात. रोज नव्यानं कृपा मागायची म्हटली की अशा माणसाला भीती वाटते, कारण त्याच्या हिशेबी नवी कृपा म्हणजे नवं कर्ज.

पौलानं रोमकरांच्या चौथ्या अध्यायात याला सरळ उत्तर दिलं आहे. जो काम करतो त्याला मिळते ती मजुरी, ते त्याचं येणंच असतं. तिला कृपा म्हणत नाहीत. मजुरी एका वहीत, कृपा दुसऱ्या वहीत, असंही नाही. कृपेला वहीच नाही. आणि येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, दोन मागण्या लागून येतात. आमची रोजची भाकर आज आम्हास दे, ही पहिली. आमची ऋणं आम्हाला सोड, ही तिच्या पाठोपाठ. ऋण फेडायला मुदत दे, अशी मागणी नाही. हप्ते बांधून दे, अशीही नाही. सोड. आणि भाकर जर रोज मागायची, तर ऋणाची सूटही रोजच मागायची.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर नेमका इथेच चुकला. त्याच्यावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. गणित केलं तर सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. तरी तो पाया पडून म्हणतो की मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन. राजा त्याला फेडायला वेळ देत नाही, कर्जच सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. शंभर दिनार म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांची मजुरी, तीही काही थोडी नव्हे. पण ज्याचं सहा कोटी दिवसांचं सुटलं, तो अजून वसुलीच करतोय! सूट त्याच्या हातात आली, मनात शिरली नाही. रोज नव्यानं क्षमा मागण्याचं एक कारण हेही आहे. मला मिळालेली सूट मनात मुरायला वेळ लागतो, आणि ती मुरली नाही तर मी घरात, भावकीत, बांधावर वसुली करत फिरतो.

मग कुणी विचारेल, सूट रोजचीच असेल तर पाप करायला काय हरकत? हा प्रश्न पौलाच्या वेळीच आला होता. रोमकरांच्या सहाव्या अध्यायात तो एका शब्दात झटकून टाकतो: कधीच नाही. जिच्यामुळे क्षमा होते तीच कृपा आत बळ म्हणून कामाला लागते. एक घ्यायची आणि दुसरी नको म्हणायची, अशी वाटणी तिच्यात नाही.

कोरडे दिवस

काही दिवस असे येतात की प्रार्थना ओठांवर येत नाही, बायबल उघडलं तरी अक्षरं नुसती दिसतात. तेव्हा माणसाला वाटतं की कृपा आटली. भावना आणि कृपा या एक नव्हेत, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. यासाठी १ राजे १९ वाचावं. एलीया संदेष्टा पळून रानात आला आहे. एका झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. आणि झोपी जातो. दूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा, कारण वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे.

एक शब्दही रागाचा नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असं विचारलेलं नाही. सगळ्यात थकलेल्या दिवशी कृपा आली ती भाकर, पाणी, झोप आणि हाताचा स्पर्श होऊन. मराठवाड्यात किती घरांत कर्त्या माणसानं असंच आता पुरे म्हटलं आहे, हे आपण सगळे जाणतो. तसं कुणी बोललं तर त्याला वचनं ऐकवत सुटू नये. त्याच्याजवळ बसावं, जेवू घालावं, एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं. तिथे आपणच कृपेचे हात असतो.

एरवी कृपा येते ती साध्या वाटांनी: वचन, प्रार्थना, मंडळीची सोबत, प्रभूचं मेज म्हणजे प्रभुभोजन. आपल्याकडे संजीवन सभांवर फार भिस्त असते. मंडप, बाहेरून आलेले वक्ते, तीन रात्रींचं गायन. त्यांतून पुष्कळांचं भलं झालं आहे, मी ते नाकारत नाही. पण सभा संपून मंडप उतरला की महिन्याभरात सगळं थंड का पडतं, याचं कारण मला सरळ दिसतं: तीन रात्रींत वर्षाचा मान्ना भरून घ्यायची आपली धडपड असते. रोज पहाटे चूल पेटवताना म्हटलेलं एक स्तोत्र, फडावरच्या कोपीत झोपण्याआधी लेकरांना जवळ घेऊन म्हटलेली प्रभूची प्रार्थना, यांचा कुणी बॅनर लावत नाही. ज्या घरांतला विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला मी पाहिला, तो मात्र यांच्यावरच टिकलेला पाहिला.

आणि मेजाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे मोठा गैरसमज आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी काही जण मागच्या बाकावरून उठत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मी लायक नाही, आधी जरा सुधारतो, मग येतो. ते १ करिंथ ११ मधल्या इशाऱ्याला भितात: जो अयोग्य रीतीनं ही भाकर खाईल तो दोषी ठरेल. पण पौल बोलतोय ते खाण्याच्या रीतीबद्दल. त्याच अध्यायात थोडं वर त्यानं लिहिलंय की करिंथच्या मंडळीत काही जण आपलं आपलं आधी उरकून घ्यायचे. कुणी उपाशी राहायचा, तर कुणी पिऊन झिंगायचा. गरीब भावाला उपाशी ठेवून प्रभूच्या मेजाला बसणं, ही ती अयोग्य रीत. स्वतःला लायक समजत नसलेल्या माणसाला हाकलण्यासाठी ते वाक्य लिहिलेलंच नाही. पुढच्याच वचनात तो सांगतो की माणसानं आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा. परीक्षा करून घरी जावं, असं तो म्हणत नाही.